बीमवरून पडली ती तिसरी, न पडलेली चौथी

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी १३ वर्षांची, ७ वर्षांपासून जिम्नॅस्टिक्स करते. गेल्या महिन्यात राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत ती बॅलन्सिंग बीमवरून एकदाही न पडता उतरली आणि १०.१५ गुणांसह चौथी आली. तिच्या आधी गेलेली एक मुलगी मधेच खाली पडली, पुन्हा चढली, आणि तिला १०.५० मिळाले. पदक तिला गेलं. ती मुलगी मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लबची, आणि पंचांमध्ये त्याच क्लबात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. आईने गॅलरीतून दोघींची रुटीन, म्हणजे बीमवरच्या पूर्ण कसरती, मोबाइलवर घेतली आहेत. "स्लो मोशनमध्ये वीसेक वेळा पाहिलं. आमच्या मुलीची एकही चूक नाही. प्रत्येक उडीआधी थांबून श्वास घेते, कुठे घाई नाही." संघटनेला द्यायचं तक्रारीचं पत्र लिहून तयार आहे. कोच म्हणतात, देऊ नका, पोरीवर शिक्का बसेल. नवरा म्हणतो, तक्रार कसली करतेस, अवघड उड्या घालायला सांग. सासूबाई म्हणतात, दहावी जवळ आली, पुरे आता. मुलगी काहीच बोलत नाही. कोचकडून मिळालेल्या गुणांच्या कागदाची झेरॉक्स मात्र तिने दप्तरात ठेवली आहे आणि त्यातल्या १.५ या आकड्याला पेनाने गोल केला आहे. "तिच्या डोक्यातून ते जातच नाहीये. पत्र देऊ की फाडून टाकू?"

ताई,

आधी एक कबुली. जिल्हा आणि विभागीय स्पर्धांत मी बरीच वर्षं पंचांच्या टेबलावर बसले आहे. म्हणजे तुमचा राग ज्यांच्यावर आहे, त्यांच्यातलीच मी. हे नंतर कळलं असतं तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं असतं, म्हणून पहिल्यांदाच सांगितलं. आता माझं म्हणणं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचा सगळा राग एका वाक्यावर उभा आहे: ती पडली, माझी पडली नाही. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला दिसतो तो पडण्याचाच क्षण. धप्प असा आवाज येतो, गॅलरीतून "अरेरे" होतं. त्यामुळे पडणं ही मोठी चूक आणि न पडणं म्हणजे चूकच नाही, असं आपण धरून चालतो. पंचांच्या वहीत पडण्याची किंमत ठरलेली आहे: पूर्ण १ गुण. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. पडलेल्या मुलीला पुन्हा चढायला १० सेकंद मिळतात आणि तिचा हिशेब तिथून पुढे चालू राहतो.

तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोघींचे आकडे आहेत. तुमच्या मुलीचा डी स्कोअर २.३, ई स्कोअर ७.८५. त्या मुलीचा डी ३.४, ई ७.१०. बेरीज करा, १०.१५ आणि १०.५० बरोबर येतात. तुम्ही बेरीज पाहिलीत. मला वाटतं, हे चार आकडे तुम्हाला कोणी बसवून समजावलेच नाहीत, आणि त्यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडे पालकांना फीचा तक्ता मिळतो, गुणांचा मिळत नाही.

डी म्हणजे काठिण्य. पोरीने काय काय केलं, त्याची ही मोजदाद. बीमवर तिचे सर्वांत वरच्या किमतीचे ८ घटक (उड्या, गिरक्या वगैरे) मोजतात, बीमवरून उतरण्याची उडी धरून. ए गटातल्या घटकाला ०.१, बी ला ०.२, सी ला ०.३, असं वर चढत जातं. शिवाय रुटीनमध्ये काही गोष्टी असायलाच हव्यात अशा चार अटी असतात, प्रत्येकी ०.५ च्या. चारही पुऱ्या केल्या की २.०. लहान वयोगटांत नियम थोडे सोपे करून लावतात, म्हणून तुमच्या गटाचं परिपत्रक कोचकडून मागून घ्याच. ई म्हणजे सफाई. ती १० पासून सुरू होते आणि पंच त्यातून फक्त कापत जातात: लहान चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५, पडण्याला १.०. या दोन्हींशिवाय बीमवर ९० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला, किंवा फ्लोअरवर रेषेबाहेर पाऊल पडलं, तर त्याचे गुण शेवटी वेगळे वजा होतात.

म्हणजे डी मध्ये ती मुलगी १.१ ने पुढे होती. पडली तेव्हा त्यातला १.० गेला. मग तिला ०.३५ ची आघाडी मिळाली कुठून? तिच्या ७.१० मध्ये पडण्याचा १ गुण परत घाला. ८.१० होतात. तुमच्या मुलीचे ७.८५. पडणं बाजूला ठेवलं तर उरलेलं रुटीन तिने जास्त सफाईने केलं, निदान पंचांना तसं दिसलं.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. तुम्ही लिहिता "एकही चूक नाही" आणि कागद म्हणतो २.१५ गुणांच्या चुका. पण या चुका गॅलरीतून चुकांसारख्या दिसतच नाहीत. गुडघा जरासा वाकला, ०.१. पायाची बोटं ताणलेली नव्हती, ०.१. तोल सावरायला हात हलला, ०.१, आणि जोरात हलला तर ०.३. खाली उतरल्यावर एक छोटं पाऊल, पुन्हा ०.१. दीड मिनिटाच्या रुटीनमध्ये असे वीस दशांश गळायला वेळ लागत नाही. शाळेच्या पेपरात बरोबर उत्तराला गुण मिळतात. इथे उत्तर बरोबर असूनही अक्षरासाठी गुण जातात.

आता तुमच्या पत्रातल्या माझ्या आवडत्या वाक्याकडे येते: "प्रत्येक उडीआधी थांबून श्वास घेते." आई म्हणून तुम्हाला त्यात शांतपणा दिसतो, आणि तो आहेच. १० सेंटिमीटर रुंदीच्या, सव्वा मीटर उंचीच्या पट्टीवर उभं राहून १३ वर्षांची पोर श्वास सांभाळते, हे सोपं नाही. पण पंच ते पाहतात तेव्हा दोन सेकंदांहून जास्त थांबलं की ०.१ कापायचा, असं त्यांच्या वहीत आहे. प्रत्येक थांब्याला. तुमच्या व्हिडिओत मी सहा थांबे मोजले, त्यातले चार तरी लांब आहेत. म्हणजे जवळजवळ अर्धा गुण एकट्या श्वासाला गेला.

तोटा इथेच संपत नाही. बीमच्या त्या चार अटींपैकी एक अशी आहे की नृत्याचे दोन घटक एकमेकांना जोडून करायचे आणि त्यातल्या एका उडीत पाय १८० अंशांत उघडायचे. जोडून म्हणजे मधे थांबायचं नाही. तुमची मुलगी स्प्लिट लीप (हवेत पाय पुढे-मागे उघडायची उडी) घेते, उतरते, श्वास घेते, मग दुसरी उडी घेते. दोन्ही उड्या झाल्या, पण जोडणी झाली नाही, आणि अट बहुतेक इथेच हुकली. दुसरी शक्यता त्या लीपच्या कोनाची आहे. १८० ला २० अंशांपर्यंत कमी पडलं तर ०.१ जातो, ४५ पर्यंत कमी पडलं तर ०.३. त्याहूनही कमी असेल तर ती लीप म्हणून धरतच नाहीत आणि अटही हुकते. म्हणजे एकाच उडीचा फटका सफाईलाही बसतो आणि काठिण्यालाही.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओत तर पाय पूर्ण उघडलेले दिसतात. दिसतात खरे, पण तुमचा मोबाइल गॅलरीत होता, वरून आणि तिरका. तिथून सगळ्यांचेच पाय छान दिसतात. पुढच्या सरावाला मोबाइल बीमच्या उंचीवर, बीमला काटकोनात ठेवा, हातात धरू नका, स्टूलवर टेकवा. लीपच्या सर्वांत वरच्या क्षणी चित्र थांबवा आणि पडद्यावर पट्टी लावून बघा. हा उद्योग मी सगळ्याच पालकांना सांगते, मूल बीमवर असो, रिदमिकच्या गालिच्यावर असो की मल्लखांबावर. गॅलरीतला व्हिडिओ आजीला पाठवायला उत्तम, गुण तपासायला निरुपयोगी.

मग पंच चुकतच नाहीत का? चुकतात, आणि मोठ्या ठिकाणी चुकतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बारवरच्या रुटीनची सुरुवातीची किंमत, म्हणजे ज्यातून चुका कापत जायच्या तो आकडा, १० ऐवजी ९.९ धरली गेली. सगळ्या साधनांच्या एकत्रित स्पर्धेत तो तिसरा आला. तो दशांश मिळता तर बेरजेत पहिला आला असता. तीन पंच निलंबित झाले, पदकं मात्र बदलली नाहीत. त्या गोंधळानंतर १० पैकी गुण द्यायची जुनी पद्धत गेली आणि २००६ पासून काठिण्य वेगळं, सफाई वेगळी असं सुरू झालं. तुम्ही पत्रात "पूर्वीसारखे १० पैकी गुण का देत नाहीत" असं विचारलंय, त्याचं हे उत्तर. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला रुमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण १० मिळाले तेव्हा फलकावर १.०० दिसलं होतं, कारण १०.०० दाखवायची सोयच त्यात नव्हती. गोष्ट गोड आहे. पण त्या एका आकड्यातून कोणाचे गुण कुठे गेले ते कोणालाच कळायचं नाही. आज तुमच्या हातात निदान चार आकडे आहेत.

टेबलावरच्या आणखी एका गोष्टीची कबुली देते. सकाळी पहिल्या फेरीत आमचा हात आखडतो. अजून पन्नास पोरी यायच्यात, आत्ताच भरभरून दिलं तर पुढच्यांना काय देणार, असं मनात कुठेतरी असतं. दुपारी जेवणानंतर हात सैल होतो. असं व्हायला नको, पण होतं. म्हणूनच अनुभवी कोच संघातल्या भरवशाच्या मुलीला शेवटी पाठवतात.

आता त्या मॅडमकडे येऊ. आपल्याकडे शिकलेले पंच थोडे आहेत, त्यामुळे कालचा कोच आज पंच असतो, आणि असं होऊ नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यांच्यामुळे निकाल फिरला का, हे पाहायला एक प्रश्न विचारा: सफाईचे गुण देणारे पंच किती होते? चार असतील तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकतात आणि मधल्या दोघांची सरासरी घेतात. समजा तिघांनी ७.०, ७.१, ७.१ दिले आणि मॅडमनी माया दाखवून ७.९ दिले. ७.९ बाहेर, ७.० बाहेर, सरासरी ७.१. मॅडमची माया वाया गेली. पण पंच दोनच असते, एकाने ७.१ आणि मॅडमनी ७.९ दिले असते, तर सरासरी ७.५ झाली असती. ०.४ चा फायदा, आणि तुमच्यातलं अंतर ०.३५ चं. म्हणून व्यक्तीपेक्षा पंचांची संख्या आधी विचारा. आणि हेही लक्षात घ्या की डी स्कोअर हे पंच देतच नाहीत, तो वेगळे पंच ठरवतात. तुमच्या मुलीचा मोठा तोटा डी मध्येच झालाय.

तर पत्राचं काय करायचं? तुम्ही लिहिलंय त्या रूपात देऊ नका. कोच म्हणतात तो शिक्का बसेल म्हणून नव्हे (पंच एवढी नावं लक्षात ठेवत नाहीत, खरं सांगते), तर त्याचा उपयोग होणार नाही म्हणून. सफाईच्या गुणांवर हरकत घेताच येत नाही, हा नियम ऑलिंपिकलाही आहे. हरकत घेता येते ती फक्त डी स्कोअरवर, तीही पालकांना नाही, कोचला, आणि तिथल्या तिथे: पुढच्या खेळाडूचे गुण लागायच्या आत. शेवटच्या खेळाडूसाठी एका मिनिटात. २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सच्या कोचने अशी हरकत घेतली, ०.१ वाढला आणि ती पाचवीवरून तिसरी आली. नंतर क्रीडा लवादाने ठरवलं की हरकत मिनिटाच्या मुदतीपेक्षा ४ सेकंद उशिरा आली होती, आणि ते कांस्यपदक रुमानियाच्या आना बार्बोसूकडे गेलं. जिथे ४ सेकंदांवर एवढं रामायण होतं, तिथे महिन्याने दिलेल्या पत्राने गुण बदलतील अशी आशा धरू नका.

पण कोचना एक प्रश्न तुम्ही जरूर विचारा: "कागदावर अटींचे २.० ऐवजी १.५ लागले, तेव्हा तुम्ही हरकत का घेतली नाही?" भांडणाच्या सुरात नको. कदाचित त्यांना माहीत होतं की अट हुकली आहे. कदाचित त्यांचं लक्षच नव्हतं, तीन मुली तीन साधनांवर होत्या. दुसरं असेल तर पुढच्या स्पर्धेत डी स्कोअर लागताच तपासायला क्लबातलं कोणीतरी मोकळं ठेवायला हवं. मला स्वतःला हे तक्रारीपेक्षा मोलाचं वाटतं.

संघटनेला पत्र द्यायचंच असेल तर वेगळं लिहा. एकट्या आईचं नको, चार-पाच क्लबांच्या पालकांचं, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. त्यात कोणाही मुलीचं, पंचाचं नाव नको. मागण्या साध्या ठेवा: सफाईसाठी निदान चार पंच, डी आणि ई वेगवेगळे फलकावर, आणि आपले विद्यार्थी ज्या गटात आहेत तिथे पंचाने बसू नये. असं पत्र आलं असतं तर आमच्यातल्या निम्म्या जणांनी मनातून आभार मानले असते. आपल्याच विद्यार्थिनीला गुण द्यायला बसणं पंचालाही जाचतंच.

यजमानांचा सल्ला. अवघड उडी घातली की गुण वाढतात हे खरं, पण किती? ए च्या जागी बी घातला तर ०.१. त्यात एकदा पडली तर १.०. म्हणजे एका पडण्याची भरपाई करायला दहा बदल जमले पाहिजेत. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला आपल्या दीपा कर्माकरने व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) प्रोदुनोव्हा हा अवघड प्रकार मारला, तेव्हा त्या एका व्हॉल्टचं काठिण्य ७.० होतं, सगळ्यांत वरचं. दोन व्हॉल्टच्या सरासरीने तिचे १५.०६६ झाले, कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. फरक ०.१५. काठिण्यात कोणीच तिच्या पुढे नव्हतं, तरी पदक हुकलं. ती प्रौढ होती, तिचा कोच वर्षानुवर्षं तिच्यासोबत होता. तुमची मुलगी १३ ची आहे, उंची वाढायचे दिवस आहेत, सहा महिन्यांत पाय लांब होतात आणि जुना तोल उपयोगी पडत नाही. नवीन उडी कधी घालायची हे कोचला ठरवू द्या, घरच्या जेवणाच्या टेबलावर नको. आणि क्लब बदलण्याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ टाकली आहे; एका दशांशाच्या हिशेबावरून तर मुळीच नको.

सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला ठेवते. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात हे त्यांना सांगून बघा, पण खेळ चालू ठेवायचं ते कारण नव्हे. ते मुलीला विचारायचं.

आणि मुलीवरून तो झेरॉक्सचा कागद आठवला. तुम्हाला वाटतंय की ती कुढते आहे, आकड्यांत अडकली आहे. मी तो कागद दोनदा पाहिला. गोल बेरजेला नाही, क्रमांकाला नाही, त्या दुसऱ्या मुलीच्या गुणांनाही नाही. १.५ ला आहे. तो अटींचा रकाना. तिथे २.० असते तर तिचा डी २.८ झाला असता, आणि ७.८५ मिळवून १०.६५. तुम्ही वीस वेळा व्हिडिओ पाहून जे शोधत होतात ते तिला बहुतेक त्याच दिवशी सापडलं आहे. आज क्लासवरून आली की "दाखव ना मला, हे १.५ काय आहे" एवढंच विचारा, आणि ती सांगेल तेवढा वेळ ऐका. मोबाइल लांब ठेवून.